ट्रकावर चढवलेल्या मोटारीत मी

ये गं पोरी, अशी जवळ सरक. तिथं दाराशी नको बसू, माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. कागदावर लिहून राहिले म्हणून काय झालं, मी बोलल्यासारखं लिहिते, तू ऐकल्यासारखं वाच. पण आधी एक ऐकून घे. परवा फोनवर तुला हे सांगायला लागले तर तू अर्ध्यातच "मावशी, खरंच ट्रकावर बसून गेलीस?" म्हणून खिदळलीस, आणि दुसरा फोन आला म्हणून माझा ठेवून दिलास. असं करतात का? ट्रकावर बसून नाही गं. ट्रकावर चढवलेल्या मोटारीत बसून. ट्रकावर बसलेल्या माणसाला निदान उडी तरी मारता येते.

तर मोटार. आमच्या ह्यांनी ती एका डॉक्टरकडून घेतली होती. डॉक्टर हिमायतनगर सोडून चालले होते आणि मोटार तेव्हाच म्हातारी होती. काळी, गोल पाठीची, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगच्या मानेला. ह्यांनी मला जिनिंगच्या रिकाम्या पटांगणात ती चालवायला शिकवली. शिकवली म्हणजे काय, बाजूला बसून ओरडायचे. शिकले मी माझीच. गावातल्या बायका सायकलवर बसत नव्हत्या तेव्हा मी डोक्यावरचा पदर दातात धरून ती मोटार इस्लापूरच्या पुढं धबधब्यापर्यंत नेली होती. लोक धबधबा सोडून मला बघत होते.

हे गेले, आणि मोटार गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. मी रोज सकाळी फडकं मारायची, बास, तेवढाच तिचा प्रवास. मग धाकट्या दिरांनी त्या जागेवर पोरासाठी घर बांधायला काढलं. त्यांचंही काही चुकलं नाही, घर लागतंच. पण एके दिवशी भंगारवाला आला, त्यानं टायरला लाथ मारून बघितली, आणि मला दुपारचा घास गेला नाही.

माझा मुलगा लातुरात नोकरीला. त्यानं तिथं एक म्हातारे मिस्त्री शोधून काढले, जुन्या मोटारींची इंजिनं उघडणारे. मिस्त्री फोनवर माझ्याशीच बोलले. म्हणाले, "बाई, मोटार जिवंत करतो, पण एक अट हाय. टोचन करून आणायची न्हाई. दोर बांधून दुसऱ्या गाडीमागं ओढलीत तर एवढ्या लांबच्या वाटेत तिचा गिअरबॉक्स जाईल, चाकं जाम होतील, ब्रेक न्हाईत म्हणल्यावर पुढच्याला धडकेल ते वेगळंच. चारी चाकं जमिनीवरून उचलून आणा, न्हाईतर आणूच नका."

म्हणून गाड्या उचलून न्यायचा तो सपाट पाठीचा ट्रक नांदेडहून मागवला. हिमायतनगरहून भोकर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर आणि मग लातूर. सबंध दिवसाची वाट. ठरलं असं, की मुलगा लातूरहून नांदेडला येऊन थांबेल आणि तिथून पुढं ट्रकाच्या मागं मागं राहील. मी आठ दिवसांनी बसनं जायचं.

ट्रकवाला एकटाच आला होता, पन्नाशीचा माणूस. मला पहिल्यापासून अम्मा म्हणायला लागला. काम बघण्यासारखं होतं त्याचं. आधी बॅटरी काढून दिली. टाकीत उरलेलं घाण पेट्रोल काढलं. टायरांत हवा भरली. मग तारेच्या दोरानं मोटार हळूहळू ट्रकावर ओढली, दिरांनी बाजूनं स्टिअरिंग धरलं. वर नेल्यावर पट्टे टाकले, ते चमकत्या बंपरला नाही, खाली आसाला. मी विचारलं तर म्हणाला, "अम्मा, बंपर दागिना हाय. दागिन्याला धरून कुणी माणूस ओढतं का?" मला पटलं. मग मागच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडाचे ठोकळे ठोकले. मोटार गिअरात टाकावी म्हणून आत डोकावला आणि हसतच बाहेर आला. "ये क्या हाय? दांडाच न्हाई!" मी म्हटलं, स्टिअरिंगला आहे, थांब दाखवते. तो म्हणाला, "राहू द्या, ठोकळे मजबूत हायत. भोकरला थांबून पट्टे परत आवळतो, नवे पट्टे वाटेत ढिल्ले पडतात." आणि कोपऱ्यावर चहा प्यायला गेला.

आता माझी चूक ऐक. दुसऱ्या कुणाची नाही, माझी.

गाडी घर सोडून जाताना चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं. नवी असो, जुनी असो. आणि लिंबू चाकाला अगदी चिकटून पाहिजे, पहिल्या हिसक्याला फुटलं पाहिजे. आता जागा कुठली? तिथं ठोकळे. मी दिरांना म्हटलं, "भावजी, मागचे दोन काढा जरा."

"वहिनी, ते काढायचे नसतात."

"लिंबू ठेवलं की परत ठोका. तुमच्या भावाची मोटार हाय, अशी कोरडी पाठवू का?"

भावाचं नाव काढलं की ते ऐकतात. त्यांनी हातोडी मारून मागच्या चाकांमागचे ठोकळे काढले, बाजूला ट्रकाच्या कडेला ठेवले. लिंबं ठेवली. तेवढ्यात शेजारच्या बाया आरतीचं ताट घेऊन आल्या, कुणी मोटारीला कुंकू लावतंय, कुणी हार घालतंय, कुणी फोटो काढतंय. ठोकळे राहिले.

आणि दुसरं. आमच्याकडं घरची गाडी रिकामी वेशीबाहेर जात नाही. घरचं माणूस आत पाहिजे. वेस आता कुठं आहे म्हणा, पण मारुतीचं देऊळ आहे, तीच वेस. मी म्हटलं, मारुतीपर्यंत मी बसते, तिथं उतरून चालत येते. दिरांनी मला वर चढवलं, स्टिअरिंगपुढं बसवलं, नारळ शेजारच्या सीटवर ठेवला. दारांच्या कड्या झिजलेल्या, म्हणून ट्रकवाल्यानं बाकीची तीन दारं बाहेरून दोरीनं बांधून टाकली होतीच. दीर म्हणाले, "वहिनी, हे दार हिसक्यानं उघडंल. बांधून घेतो, मारुतीपाशी सोडतील." आणि बांधलं. काच वर, फक्त दोन बोटांची फट. काच फिरवायची कळ कधीच गळून पडलेली.

ट्रकवाला चहा पिऊन आला. दीर लांबूनच ओरडले, "मारुतीपाशी जरा थांबा हो!"

"हाव, हाव!" म्हणाला आणि थेट केबिनमध्ये चढला. दीर शेतात निघून गेले, सोयाबीनवर मशीन लागलं होतं. माझा फोन घरात देव्हाऱ्याशेजारी.

मारुतीपाशी ट्रक थांबला, खोटं कशाला बोलू. मी हात जोडून डोळे मिटून बसले होते, मनात ह्यांना सांगत होते, तुमची मोटार निघाली बरं का. ट्रकवाला उतरला. पायऱ्यांवर नारळ फोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता येईल, दार सोडेल. ट्रकाच्या केबिनचं दार वाजलं, आणि ट्रक निघाला.

तो बिचारा तरी काय करणार? मारुतीपाशी थांबा म्हटलं की ट्रकवाला नारळच फोडणार. आत कुणी आहे हे त्याला सांगितलंच कुणी नव्हतं.

आधी मी हसले. खरंच सांगते. म्हटलं, आता पुढच्या वळणावर हाक मारू. हाक मारली. फटीला तोंड लावून "ओ भाऊ! ओ ड्रायव्हर!" केलं. त्याच्या केबिनमध्ये गाणी लागलेली, ट्रकाचा खडखडाट. हॉर्नवर हात मारला. बॅटरी खाली काढलेली, हॉर्न कुठून वाजणार? दार ढकललं. दोरी चांगली बांधली होती, आमचे दीर बैलाला बांधतात तशी.

मग बाहेरचं जग सुरू झालं. रस्त्याच्या एका कडेला सोयाबीन वाळत घातलेलं, बाया पायानं उलटं-सुलटं करून राहिल्या. त्या वर बघायच्या आणि हात जोडायच्या. मी काचेवर थापा मारायची, त्या आणखी वाकून नमस्कार करायच्या. एक मोटरसायकलवाला शेजारून गेला, त्यानं अंगठा दाखवला. फुलांचा हार घातलेली जुनी मोटार, आत डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, लोकांना वाटलं काहीतरी मिरवणूक आहे. माझा चेहराच कसा दिसत असेल देव जाणे, त्यांना तो आनंदाचा वाटला.

भोकरच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागलं. ट्रक थांबला. माझ्या जिवात जीव आला. एक बाई सीताफळांची पाटी घेऊन गाड्यांमधून फिरत होती. मी फटीतून बोटं बाहेर काढली. "बाई! ओ बाई! ड्रायव्हरला सांगा, मी आत हाय!"

ती टाचा उंचावून बघायला लागली. "काय म्हणता आजी? किती देऊ?"

"सीताफळ नको गं! मला उतरायचंय!"

"गोड हायत, झाडावरची. घ्या, एक तसंच घ्या, देवाच्या गाडीत बसलात." आणि तिनं ट्रकावर चढून एक पिकलेलं सीताफळ त्या दोन बोटांच्या फटीत घुसवलं. फुटलं ते. अर्धं माझ्या मांडीवर, अर्धं काचेवर. तेवढ्यात गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, आणि ती उडी मारून खाली. हात हलवून राहिली माझ्याकडं बघून.

आणि भोकरला तो थांबलाच नाही. फाटकात उशीर झाला म्हणून म्हणाला नंतर. पट्टे पुढं आवळू असं ठरवलं त्यानं.

भोकरच्या पुढं रस्ता चढाचा आहे. ट्रकाचं तोंड वर झालं आणि सीट खालून हलल्यासारखी वाटली. आधी वाटलं चक्कर आली. मग कळलं, चक्कर नाही, मोटार मागं सरकली. वीतभर. पट्ट्यांनी हिसका देऊन धरली. पुढचा खड्डा आला, पुन्हा सरकली, आता थोडी जास्त. आरशात बघितलं तर ते दोन ठोकळे ट्रकाच्या कडेला लोळून राहिलेले, आणि त्यांच्या मागं ट्रकाची उघडी शेवटची कड. त्याच्या मागं रस्ता. रस्त्यावर एक जोडपं मोटरसायकलवर, बाईच्या मांडीवर लेकरू.

पट्टा सुटला तर मी त्यांच्या अंगावर जाणार होते. मोटारीसकट.

मी ब्रेकवर पाय दिला. पेडल लोण्यात बोट घुसावं तसं खाली गेलं. हे म्हणायचे, ब्रेक बसला नाही तर दोन-तीनदा दाब, तेल वर येतं. दाबला, दाबला, दाबला. चौथ्यांदा पायाला काहीतरी कडक लागलं. तिथंच पाय रोवून धरला. मोटार थांबली. पण तेल गळत असावं, पेडल मुंगीच्या चालीनं खाली जायचं. मग पुन्हा दाबायचं. मधल्या त्या एका श्वासात मोटार बोटभर मागं. असं किती वेळ? माझा हा गुडघा बैठक सोडून उठताना रडतो, तो आता लोखंडाशी भांडत होता. हँडब्रेक ओढला तर त्याचा दांडाच हातात सैल आला.

नारळानं काच फोडावी असं मनात आलं. पण तो मागच्या सीटखाली घरंगळला होता, आणि पाय उचलायची सोय नव्हती.

गिअर. गिअरात टाकली तर इंजिन चाकं धरतं, हे मला पटांगणात शिकवलेलं. दांडा ओढला. इतक्या वर्षांचा बसलेला दांडा, अर्ध्या वाटेत अडकला. दोन्ही हातांनी ओढला. नाही. आणि मला ह्यांचं ओरडणं आठवलं, कारण मी नेहमी तिथंच चुकायची. "जोर लावू नको! दात दातात बसले न्हाईत. गाडी जराशी हलू दे, आपोआप पडंल!"

गाडी हलू दे. म्हणजे ब्रेक सोड.

तू सांग, तू सोडला असतास? मी आरशात बघितलं. मोटरसायकलवाला जवळच होता. मी काचेकडं हात करून त्याला "मागं हो, मागं हो" केलं. त्यानं काय समजायचं ते समजलं, थोडा रेंगाळला खरा. चढ किंचित सपाट झाला तशी मी दांडा घट्ट ओढून धरला, "पांडुरंगा" म्हणाले, आणि पाय उचलला.

मोटार मागं निघाली. वीत. हात. पट्टा कण्हला. मग खाली कुठंतरी धाडकन आवाज झाला आणि दांडा माझ्या हातात शेवटपर्यंत गेला. मोटार उभी राहिली. मी पाय परत ब्रेकवर ठेवला आणि रडले. रडताना पाय हलू द्यायचा नाही, हे लई अवघड असतं.

तरी सुटका नव्हती. प्रत्येक खड्ड्याला आतून खट् व्हायचं आणि मोटार किंचित मागं यायची. म्हातारं इंजिन, किती धरणार? हा ट्रक थांबायलाच हवा होता. हाका मारून झाल्या, थापा मारून झाल्या, लोकांनी नमस्कार केले.

मग मला एक सुचलं. आपल्याकडं माणूस रस्त्यावर मरत पडलं तर लोक बघतील न बघतील, पण बाईचा पदर गाडीबाहेर उडताना दिसला की आख्खा रस्ता ओरडतो. "ताई, पदर! मावशी, पदर!" पाच किलोमीटर पाठलाग करून सांगतात. मी ह्यांच्या मागं स्कूटरवर बसायची तेव्हाही असंच.

सासऱ्यांसमोर कधी डोक्यावरून ढळू दिला नव्हता तो पदर मी खांद्यावरची पिन काढून ओढला आणि त्या फटीतून बोटाबोटानं बाहेर ढकलायला लागले. लाज वाटली का? वाटली. म्हातारी झाले तरी वाटली. पोलक्यावर बसले होते, मांडीवर सीताफळ. वारा लागला तसा पदर सुटला, चांगला हातभर, मग दोन हात, ट्रकाच्या चाकाच्या दिशेनं फडफडायला लागला.

मागच्या मोटरसायकलवरची बाई किंचाळली, मला काचेतून ऐकू आलं. "अहो, पदर! चाकात जाईल!" नवऱ्यानं गाडी दामटली. शेजारून एक टमटम, तिच्यातली सगळी माणसं बाहेर वाकून, "ओ ट्रक! पदर! पदर!" समोरून येणारा एक जण दिव्यांची उघडझाप करून राहिला. एवढा आरडाओरडा की गाण्यांवरून ट्रकवाल्याला ऐकू गेलं. ट्रक कडेला लागला.

तो मागं आला, पदर हातात धरला आणि पदराच्या मागं मागं वर बघितलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"या अल्ला! अम्मा?"

"आधी ठोकळे लाव," मी म्हटलं. "मग दार सोड. मी पाय काढणार न्हाई तोवर."

त्यानं धावत ठोकळे ठोकले, पट्टे आवळले. मोटरसायकलवाल्यानं दोरी कापली. "अम्मा, आता या बाहेर." पण पाय येईना. गुडघा धरला होता, खुट्टा झाला होता. शेवटी त्या बाईनं लेकरू नवऱ्याकडं दिलं, माझा पदर नीट केला आणि दोघांनी मिळून मला उचलून खाली आणलं. ट्रकवाला रस्त्यात उकिडवा बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. मीच त्याला म्हटलं, "तुझं काय चुकलं बाबा? लिंबू माझं होतं."

नांदेडला मुलगा भेटला. तो आधी पांढरा पडला, मग लाल. "आई, अक्कल हाय का तुला? तुला काय झालं असतं तर?"

"मी बसले नसते तर तुझ्या बापाची मोटार रिकामी निघाली असती."

"मग जाऊ द्यायची रिकामी!" एवढ्या जोरात बोलला की चहावाल्यानं मान वर केली. आणि मग माझ्या पायाशी बसून गुडघा दाबायला लागला.

तिथून लातूरपर्यंत मोटार रिकामी गेली, आणि काही झालं नाही. मी मुलाच्या गाडीत, पाय लांब करून. लोह्यापाशी, अहमदपुरात, चाकुरात ट्रकवाला थांबून पट्टे बघायचा आणि दर वेळी मोटारीच्या आतही डोकावून यायचा.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडला. फोनवर म्हणाले, "बाई, दात शाबूत हायत. कुणी टाकला गिअर? हाताला जाण हाय." मी मुलाला ते दोनदा ऐकवलं.

मोटारीचे दात शाबूत, माझा गुडघा नाही. डॉक्टरांनी पट्टा बांधलाय आणि जिना वर्ज्य केलाय. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी सगळे कामाला जातात, बाहेरून कडी लावतात, दार लावायला मला उठावं लागू नये म्हणून. त्यांची माया आहे, मला कळतं. पण कडीचा आवाज झाला की माझा पाय आपोआप काहीतरी दाबायला लागतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, बास. मोटार लातूरच्या पलीकडच्या टोकाला मिस्त्रींच्या आवारात आहे. इंजिन फिरलं म्हणतात. मी अजून तिला बघितलेलं नाही. मुलगा म्हणतो, रविवारी नेतो. रविवारी त्याला झोप येते.

म्हणून तुला लिहून राहिले. तुझे खांदे मजबूत आहेत, तू मला जिन्यावरून धरून उतरवशील, मिस्त्रींकडं नेशील. फोनवर नको, फोनवर तू हसतेस आणि ठेवून देतेस. या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या, पण ये. दुपारी ये, मी एकटीच असते. कडी बाहेरूनच आहे, तूच काढ आणि आत ये.